जे भाषेची नोंदवही, महिना चौथा: मामांची वही

जे ही थोडक्या चिन्हांत हिशेब मांडणारी प्रोग्रामिंग भाषा मी शिकतो आहे. मागच्या नोंदीत भिशीचा हिशेब जुळला होता. या महिन्यात इंदूरच्या छावणीत धान्याचं दुकान असलेल्या मामांची रोजची वही हाती घेतली. एका दिवसाची सुरुवातीची शिल्लक १००००, गाडीभाडं ३०००, बारदान २०००. तिन्ही आकडे एका ओळीत ठेवून मी सरळ -/ लावलं, म्हणजे प्रत्येक दोन आकड्यांमध्ये वजाचं चिन्ह घातलं. उत्तर आलं ९०००.

मामांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "अरे, पाच हवेत. नऊ कुठून आले?"

जे उजवीकडून डावीकडे वाचते, आणि गुणाकार आधी, बेरीज मग असा नियम तिच्यात नाही. त्यामुळे आधी ३००० मधून २००० गेले, उरलेले १००० मग १०००० मधून वजा झाले. म्हणजे -/ आळीपाळीनं वजा आणि अधिक करत जातं. यावर उपाय सोपा निघाला: खर्च ऋण आकड्यातच लिहायचा आणि +/ लावायचं. ऋण चिन्ह इथे खाली रेघ देऊन लिहितात, _३००० असं. पुढे एक तिरपी रेघ वाढवून +/\ केलं तर प्रत्येक नोंदीनंतरची शिल्लक मिळते: १००००, ७०००, ५०००. मामांच्या वहीत उजवीकडच्या रकान्यात हेच तर असतं! लूप नाही, व्हेरिएबल नाही.

मला या भाषेत सगळ्यात जास्त आवडतं ते तिचं व्याकरण. आकडे म्हणजे नाम, + हे क्रियापद, आणि क्रियापदाला लागून त्यातून नवं क्रियापद घडवणारं / हे क्रियाविशेषण. केनेथ आयव्हर्सन यांना १९७९ मध्ये एपीएल या आधीच्या प्रोग्रामिंग भाषेसाठी ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला मोठा मान, मिळाला. १९९० च्या सुमारास त्यांनी रॉजर हुई यांच्यासोबत जे आणली. एपीएलची खास चिन्हं सोडून साध्या कीबोर्डवरचीच घेतली.

आता परवान्याचं. मी सुरुवात डायलॉग एपीएलवर, म्हणजे एका कंपनीच्या एपीएलवर, केली होती. घरी शिकायला ती मोफत आहे, पण दुकानाचा हिशेब म्हणजे व्यवसाय, आणि त्याच्या अटी वेगळ्या. म्हणून जे कडे आलो. तिचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, २०११ पासून जीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली खुला आहे. माझी स्क्रिप्ट त्यामुळे आपोआप जीपीएलखाली जात नाही, कारण इंटरप्रिटरच्या, म्हणजे जे चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, दृष्टीनं ती नुसता डेटा. इंटरप्रिटरच दुसऱ्याला दिला, तर मात्र त्याचा सोर्स मिळण्याची सोयही करून द्यावी लागते. परवाना काम सुरू करण्याआधीच वाचा, मंडळी. मी दोन महिन्यांनी वाचलं आणि सगळं पुन्हा लिहिलं.

परवान्याचा नोकऱ्यांशी केवढा संबंध असतो, हे अर्लांग या दुसऱ्या एका प्रोग्रामिंग भाषेच्या गोष्टीत दिसतं. १९९८ मध्ये ती बनवणाऱ्या एरिक्सन या टेलिफोन-यंत्रणेच्या कंपनीनं आपल्याच नव्या उत्पादनांत तिच्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती खुली केली. पुढे व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर तिच्यावर उभे राहिले. भाषा कुलपात राहिली असती तर हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. उलट उदाहरणही आहे. आर्थर व्हिटनी यांची के ही भाषा आणि तिच्यापासून निघालेली क्यू. क्यू ज्यात वापरतात तो केडीबी प्लस हा डेटाबेस व्यावसायिक परवान्यावर चालतो, तरी बँका आणि शेअर-व्यवहाराच्या कंपन्या तो घेतात आणि क्यू येणाऱ्यांना चांगला पगार देतात. पण त्या जागा थोड्या, बहुतेक लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूरकडच्या, आणि नुसत्या भाषेवर मिळत नाहीत. बाजाराचे व्यवहारही कळावे लागतात.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या आयटी कॅम्पसात नोकरी हवी असलेल्या भाच्याला म्हणून मी स्पष्ट सांगितलं: आधी जावा आणि एसक्यूएल पक्कं कर, जे रविवारी माझ्याबरोबर.

पुढचं काम उधारीचं. डावीकडे गिऱ्हाइकांची नावं, उजवीकडे रकमा आणि मध्ये +//. लिहिलं की नावागणिक बेरीज होते. पाच ओळींवर करून पाहिलं, जुळलं. मामांनी दिवाळीपासूनची वही दिली आहे.