धाब्यावरच्या फेऱ्या

कापूस वेचणीच्या दिवसांत पारोळ्याकडच्या माझ्या दवाखान्यात गर्दी होते ती दिवेलागणीनंतरच. त्या संध्याकाळी एक ओळखीची बाई बाकडं रिकामं असूनही दाराशी उभी होती. "ताई, बसा ना," म्हटलं, तर म्हणाली, "बसनू का पायमा वळवळ सुरू व्हस."

आत आल्यावर तिने साडी जरा वर करून पिंढऱ्या दाखवल्या. गुडघ्याखाली जुन्या साडीच्या चिंध्या इतक्या आवळून बांधल्या होत्या की कातडीवर वळ उठले होते. दिवसभर शेतात काही होत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पाय आतून ओढतात, उठून चाललं की थांबतात. मग ती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, फेऱ्या मारायची, पहाटे तीन वाजेपर्यंत. खाली सासू जागी व्हायची, आणि घरात 'बाहेरचं' असल्याची कुजबुज सुरू झाली होती.

जुना कागद काढला. दोन महिन्यांपूर्वी 'झोप येत नाही' एवढं ऐकून मीच अमिट्रिप्टिलिन लिहून दिली होती. झोप का येत नाही, हे विचारलंच नव्हतं. हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे पायांच्या तळमळीचा आजार; या गोळीने ती तळमळ वाढू शकते. तिची वाढली होती. चूक माझी होती, तिला आणि तिच्या नवऱ्याला तसंच सांगितलं.

हिमोग्लोबिन ११.८ आलं, म्हणजे फारसं कमी नाही. एरवी मी तिथेच थांबलो असतो. पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, निघालं अवघं ९! या आजारात ते ७५ च्या खाली असलं तरी लोह द्यावं लागतं, कारण मेंदूला लोह कमी पडलं की तिथल्या डोपामिन या रसायनाचं काम बिघडतं. पाळी आठ-आठ दिवस चालायची, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. अमिट्रिप्टिलिन बंद केली. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर. चहा दोन तास लांब. लोह भरायला महिने लागतात, तोवर रात्री प्रेगॅबॅलिन ही नसांवरची गोळी, ७५ मिलिग्रॅमची. डोपामिनसारखं काम करणाऱ्या प्रॅमिपेक्सोलच्या गोळीने आराम लवकर पडतो, पण पुढे बऱ्याच जणांची तळमळ दुपारीच सुरू होते, हातांतही पसरते. ती मी आधी देत नाही. सर्दीच्या आणि उलटीच्या काही गोळ्यांनीही पाय बिघडतात, म्हणून मेडिकलमधून परस्पर काही घेऊ नका, असं बजावलं.

तीन महिन्यांनी फेरिटिन ४१ झालं. गोळ्या अजून चालू आहेत, चिंध्या सुटल्या. "मनी मायले बी असंच व्हस," ती निघताना म्हणाली. हा आजार घराण्यात चालतो. आईला घेऊन यायला सांगितलंय. त्यांनी सत्तरी ओलांडलीय, तेव्हा प्रेगॅबॅलिनचा विचार करण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, बघेन.