खाऱ्या हवेतला वॉटर कूलिंग पीसी

मे महिन्यात मालवण-रत्नागिरीकडे खोलीतच ३३ अंश असतात. लूप (पीसीच्या भागांतली उष्णता घेत फिरणाऱ्या पाण्याचं चक्र) कितीही भारी असो, पाणी खोलीपेक्षा गार होत नाही. त्यामुळे ते ४३ वर दिसलं म्हणून घाबरू नका. दमटपणाने आत दव धरेल ही भीतीही फुकट. दव धरतं ते खोलीपेक्षा गार वस्तूवर.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये असतील तर ३६० मिमीचे दोन रेडिएटर (पाण्याची उष्णता पंख्यांच्या हवेत सोडणारे भाग) घ्या. शांतता इथेच मिळते: पंख्यांचं ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्यांवर) भागतं. पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानाला बांधा. प्रोसेसरच्या तापमानाला बांधलात तर ब्राउझर उघडला तरी घोंघावतील.

तांब्याच्या लूपमध्ये ॲल्युमिनियमचा एकही भाग नको, तो गंजून झिजतो. विहिरीचं पाणी सोडाच, आरओचंही नको. तयार कूलंट भरा. नवा रेडिएटर आधी कोमट डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवा, नाहीतर आत उरलेला फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट मळ) ब्लॉकच्या, म्हणजे चिपवर बसणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, बारीक खाचांत अडकतो.

गळती तपासताना फक्त पंपाला वीज द्या, सांध्यांखाली टिश्यू ठेवा, २४ तास थांबा. पंप कोरडा फिरवलात तर गेलाच.

ओव्हरक्लॉक (चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) १०० मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी वाढवा. व्होल्टेजचा मोह आवरा: १.२५ वरून १.३५ व्होल्ट केलं तर त्याच वेगाला उष्णता सुमारे १७ टक्के वाढते. समुद्राकडची खिडकी उघडी असेल, तर पीसीच्या धूळ अडवणाऱ्या जाळ्या दर पंधरवड्याला झाडा. मिठाची धूळ ओल धरून ठेवते.