काठीवरचा भार

स्कीइंगचा प्रशिक्षक म्हणून पडणारी माणसे मी रोज पाहतो, पण त्या दिवशीचे पडणे टाळता आले असते, हे मला अजूनही बोचते.

सकाळी आलेले गृहस्थ पन्नाशीचे, सुमारे १७० सेंटिमीटर उंचीचे होते आणि त्यांच्या हातात १३० सेंटिमीटरचे पोल, म्हणजे स्कीइंगच्या काठ्या, होते. पोल उलटा करून टोकाजवळच्या चकतीच्या लगेच खाली धरल्यावर कोपर काटकोनात आले, तर लांबी योग्य समजतात, उंचीला ०.७ ने गुणले तरी उत्तर साधारण तेच येते. म्हणजे त्यांना १२० पुरेसे होते. मी तसे सुचवले, परंतु उतारावर भक्कम आधार हवा म्हणून त्यांनी लांब काठ्या मुद्दाम निवडल्या होत्या. मी आग्रह धरला नाही, ही माझी चूक.

सौम्य उतारावर काही बिघडले नाही. तीव्र उतार लागल्यावर मात्र काठीची खरी परीक्षा होते, कारण तिथे मनगटाच्या हलक्या झोक्याने पोल पुढे, दरीच्या बाजूला नुसता टेकवायचा आणि त्या बिंदूभोवती वळायचे असते. तो स्पर्श वळणाची वेळ ठरवतो. हे गृहस्थ प्रत्येक वळणावर पोल रोवून त्यावर अंग टाकत होते. लांब काठीमुळे हात आणि खांदा वर उचलला जाई, शरीर मागे रेलत असे आणि भार स्कीच्या मागच्या भागावर गेल्याने पुढची टोके वळेनाशी होत.

चौथ्या की पाचव्या वळणावर ते घसरले. मूठ आवळलेलीच होती. हात बर्फावर आपटला आणि मुठीतल्या दांड्याने अंगठा बाहेर पिरगळला. दुखणे फार नाही, असे ते म्हणाले, पण अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत त्यांना हातमोजासुद्धा धरता येईना. अंगठ्याच्या बुडाशी, तर्जनीकडच्या बाजूचा अस्थिबंध अशा पडण्यात इतक्यांदा दुखावतो की डॉक्टर या दुखापतीला ‘स्कीपटूचा अंगठा’ असेच म्हणतात. मी हात बांधून त्यांना तातडीने डॉक्टरांकडे पाठवले. अस्थिबंध अर्धवटच फाटला होता. पूर्ण तुटला असता तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागली असती.

संध्याकाळी भेटलो तेव्हा, काठी का सोडली नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “पडताना माणूस आधार सोडतो का?”

पोलच्या मुठीला असलेल्या पट्ट्यात हात खालून घालायचा आणि पट्ट्यासकट मूठ धरायची, हे मी त्यांना नीट शिकवले होते. पडताना मूठ उघडायची, हे मात्र सांगितले नव्हते. आता उतारावर नेण्याआधी मी प्रत्येकाला सपाट बर्फावर मुद्दाम पडायला लावतो, आणि अंग टेकण्याआधी हातातून पोल सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा पाडतो. दाट झाडीत किंवा हिमस्खलनाचा धोका असेल तिथे तर पट्टे मनगटात ठेवूच देत नाही.

पुढच्या हंगामात ते परत आले. पहिली सकाळ मी त्यांना काठ्याच दिल्या नाहीत. हात पुढे ठेवून ते नुसत्या पायांवर वळत राहिले. दुपारी १२० चे पोल हातात दिले, तेव्हा टोक बर्फाला जेमतेम लागले आणि त्यांचे वळण पूर्णही झाले होते.