आर्चर, १/३५: तोफ बसली, आता रंग

आर्चर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाडाविरोधी तोफगाडीचं १/३५ मापाचं मॉडेल करतोय. तिचं खालचं अंग जोडून झालं, तोफ बसली आणि प्रायमरचा पहिला हातही मारला. किट टामिया या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचा. ज्यांनी हा डबा अजून उघडलेला नाही त्यांना आधीच सांगून ठेवतो: नळी गाडीच्या मागच्या बाजूलाच असते. सूचनापत्रिकेतलं चित्र उलटं छापलेलं नाही.

आर्चरबद्दल वाचताना एक वाक्य हमखास भेटतं, की दबा धरून बसायला सोयीचं म्हणून तोफ मागे तोंड करून बसवली. मला हे पटत नाही. ड्राय फिट करताना, म्हणजे गोंद न लावता भाग जुळवून बघताना, नळी हलवर (गाडीच्या मूळ धडावर) आडवी ठेवून बघा, कारण समोरच दिसतं. १७ पौंडी तोफेचा व्यास ७६.२ मिमी आणि नळी ५५ कॅलिबर (व्यासाच्या ५५ पट) लांब, म्हणजे जवळपास ४.२ मीटर. आपल्या मापात १२ सेंमी. आर्चर ज्याच्यावर बांधली त्या व्हॅलेंटाइन रणगाड्याचा हल १६ सेंमीसुद्धा भरत नाही. ही नळी पुढे तोंड करून लावली असती तर निम्मी बाहेर लोंबली असती, गाडीचं नाक जड झालं असतं आणि पहिल्याच खड्ड्यात नळी मातीत रुतली असती. उलटी बसवली की ती इंजिनावरच्या डेकवर आडवी पडते आणि एकूण लांबी ६.७ मीटरच्या आसपास राहते. आधी जागेचं गणित जमवलं, दबा धरण्याची सोय नंतर सापडली.

गरज मात्र खरीच होती. जर्मनांच्या टायगर रणगाड्याचं समोरचं कवच फोडणारी तोफ ब्रिटिशांकडे होती, पण ओढून न्यायच्या रूपात तिचं वजन तीन टनांच्या घरात. चिखलात ती माणसांनी ढकलून जागेवर लावणं म्हणजे कंबरडं मोडायचं काम. तिला स्वतःची चाकं हवी होती आणि व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीकडे व्हॅलेंटाइन होता. रणगाडा म्हणून तो मागे पडत चालला होता, पण यंत्र भरवशाचं. मार्च १९४३ मध्ये पहिला नमुना तयार झाला आणि पुढच्याच महिन्यात त्यावरून गोळीबाराच्या चाचण्या झाल्या. मागणी ८०० गाड्यांची होती, युद्ध संपेपर्यंत ६५५ बनल्या. प्रत्यक्ष आघाडीवर आर्चर पोचली ती ऑक्टोबर १९४४ मध्ये, म्हणजे नॉर्मंडीची लढाई आटोपल्यावर.

आता जोडणीकडे. व्हॅलेंटाइनची चाकं लावताना घाई नको. एका बाजूला तीन-तीन चाकांच्या दोन बोगी, प्रत्येकीत एक चाक मोठं आणि दोन लहान. मोठं चाक नेहमी बाहेरच्या टोकाला. मी गोंद लावण्याआधी सगळी चाकं टेबलावर क्रमाने मांडून घेतली. स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक) मागे, म्हणजे नळीच्या बाजूला, त्यामुळे चिखल मारताना ‘पुढचं’ आणि ‘मागचं’ हे दोन शब्द डोक्यात पक्के बसलेले हवेत.

लढाऊ कप्पा वरून उघडा, त्यामुळे आतलं सगळं दिसतं आणि आळस करायला जागाच नाही. तोफेचं ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं टोक, चालकाच्या जागेकडे तोंड करून आहे. गोळा सुटला की ते मागे येणार ते त्याच्याच अंगावर, म्हणून तोफ चालू असताना चालकाने तिथे बसणं धोक्याचं. मॉडेलमध्ये ब्रीच आणि चालकाचं आसन यांच्यातली फट बघितली की त्या माणसाची कीव येते. त्यात तोफ डावीकडे-उजवीकडे फक्त ११ अंश वळायची. त्याहून जास्त कोन हवा असेल तर अख्खी गाडीच फिरवायची, म्हणजे चालकाने परत जागेवर यायचं. तीच तोफ फायरफ्लाय या रणगाड्यामध्ये चारी दिशांना फिरणाऱ्या टरेटमध्ये होती, पण फायरफ्लाय रणगाड्यांच्या पलटणींकडे गेल्या. आर्चर होती तोफखान्याची, रॉयल आर्टिलरीची. तिच्याकडून रणगाड्याचं काम करून घ्यायला गेलं तर ती फसणारच: वर छप्पर नाही, कवच पातळ, वेग रस्त्यावर ताशी ३२ किमी.

पण दडून दोन गोळे टाकायचे आणि निघायचं, यात तिचा हात कोण धरणार? नळी शत्रूकडे म्हणजे गाडीचं तोंड आधीच माघारीच्या वाटेकडे. शिवाय उंची सव्वादोन मीटर. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक आर्चर आहे, शेजारी उभं राहिलं की हा ठेंगणेपणा लगेच कळतो. मोठ्या झुडपाआड सहज खपेल.

रंगाचं ठरलंय. ब्रिटिशांनी १९४४ मध्ये गाड्यांसाठी एससीसी २ हा तपकिरी रंग सोडून एससीसी १५ हा हिरवट रंग घेतला, त्यामुळे १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या गाडीला एससीसी १५ बिनधास्त मारावा. मी फेब्रुवारी १९४५ घेतोय, ऱ्हाइनकडे जाणाऱ्या वाटेवरचा जर्मन सीमाभाग. तिथे कॅनडाच्या तुकड्यांकडेही आर्चर होत्या. पुराचं पाणी, चिखल, उखडलेले रस्ते, म्हणजे पिगमेंटची (चिखल-धूळ दाखवायच्या रंगीत भुकटीची) चंगळ.

दुसरा पर्याय मोहात पाडणारा होता. युद्धानंतर बऱ्याच आर्चर इजिप्तकडे गेल्या आणि १९५६ मध्ये सिनाईत, अबू अगेलाच्या बाजूला, इस्रायली फौजेसमोर उभ्या राहिल्या. आधीच खणून ठेवलेल्या जागेतून मारा करायचा, म्हणजे या गाडीला मानवणारंच काम. ती वाळूच्या रंगात करायची तर दुसरा डबा आणावा लागेल, आणि कपाटात आता जागा नाही.

पुढचं काम: एससीसी १५ चा पातळ थर, मग डेकवर नळीच्या बरोबर खाली जरा गडद छटा, कारण तिथे ऊन पोचत नाही. ट्रॅक वेगळे रंगवून शेवटी चढवणार. चालकाचा पुतळा कुठे बसवायचा हे सुटलेलं नाही. तोफ डागण्याच्या तयारीत दाखवली तर तो गाडीबाहेर हवा, आणि बाहेर उभा करायचा तर त्याचे पाय नव्याने घडवावे लागतील. कोणी उभा ब्रिटिश टँकमन आर्चरशेजारी लावून पाहिला असेल तर फोटो दाखवा.