शेळीचं काय झालं

परवा युगांडाहून पत्र आलं आणि शेळीचा विषय एकदाचा मिटला. म्हणजे माझ्यापुरता. तिकडे तो केव्हाच मिटला होता.

सुरुवात 2017 ची. रविवारच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका टेबलावर मुलांचे फोटो असलेली कार्डं मांडली होती. नाव, वय, घरी कोण कोण, आणि हे मूल पालकत्वासाठी, म्हणजे दरमहा पैसे पाठवून खर्च उचलणाऱ्या कुणासाठी, किती दिवसांपासून थांबलंय. स्थळं चाळावीत तशी आम्ही बायका ती चाळत होतो. लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हता. हसरी मुलं भराभर उचलली गेली. युगांडातल्या मसाकाकडचा सात वर्षांचा एक मुलगा कॅमेऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होता. त्याला कोणी घेईना. मी घेतला.

नवऱ्याला भावनांपेक्षा आकडे लागतात. एव्हरेट स्वान्सन या अमेरिकन उपदेशकाने 1952 मध्ये कोरियन युद्धातल्या अनाथ मुलांसाठी मदतीचं काम सुरू केलं, त्यातूनच पुढे ही पद्धत आणि ‘कम्पॅशन’ संस्था उभी राहिली, हे मी कौतुकाने सांगितलं. त्यावर त्याचा प्रश्न, “उपयोग होतो का पण?” शेवटी त्यानेच शोधून काढलं. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी याच संस्थेच्या कामाचा सहा देशांत अभ्यास केला होता, दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती घेऊन. तो 2013 मध्ये छापून आला. मदत मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. “बरं आहे,” म्हणाला. त्याच्याकडून हे म्हणजे शाबासकीच.

आम्ही वेगळ्या संस्थेतर्फे पैसे पाठवतो, पण रीत साधारण तीच. दरमहाचे पैसे घरी हातात देत नाहीत. तिथली स्थानिक मंडळी केंद्र चालवते. शनिवारी मुलं जमतात, अभ्यास, प्रार्थना, जेवण, अधूनमधून डॉक्टरची तपासणी. युगांडात 1997 पासून सरकारी प्राथमिक शाळेची फी माफ आहे, पण फी माफ झाली म्हणून शाळा फुकट होत नाही. गणवेश, वह्या, दुपारचं खाणं, परीक्षेचे पैसे हे सगळं उरतंच, आणि ते उरलं की मूल घरी बसतं. केंद्र नेमकं हेच भरून काढतं.

आणि पत्रं. तो लुगांडा या तिथल्या भाषेत लिहितो, खाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात इंग्रजी. जायला यायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे आमचं बोलणं कायम एक पाऊल चुकलेलं. मी परीक्षेचं विचारावं, तर त्याने मी मागच्या खेपेला विचारलेल्या पावसाचं उत्तर द्यावं.

2019 मध्ये त्याच्या वाढदिवसाला थोडे जास्तीचे पैसे पाठवले. त्यातून घरच्यांनी शेळी घेतली. फोटो आला: मुलाच्या हातात दावं, आठ्या तशाच, मागे आई, आणि कडेला अर्धी कापली गेलेली मोठी बहीण. तिचं वय नियमापेक्षा जास्त म्हणून तिची केंद्रात नोंद झाली नव्हती. वायडिकच्या अभ्यासात तुलनेला घेतलेल्यांत अशीच भावंडं होती, वयामुळे बाहेर राहिलेली. तेव्हा मी ते वाचलं आणि पुढे गेले. फोटोतही माझं लक्ष शेळीकडेच.

मी तिचं नाव मनातल्या मनात चंद्री ठेवलं. दर पत्रात चौकशी. व्याली का? किती पिल्लं? मग मार्च 2020 मध्ये तिथल्या शाळा बंद पडल्या त्या पूर्ववत उघडल्या थेट 10 जानेवारी 2022 ला. जवळजवळ दोन वर्षं! त्या काळात केंद्राने घरोघरी मक्याचं पीठ, घेवडा, साबण पोचवला, असं संस्थेने कळवलं. मुलाची पत्रं मात्र थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा एकात एवढंच वाक्य: शेळी आणि तिची दोन पिल्लं विकली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? कारण नाही, काही नाही. नवऱ्यापाशी कुरकुरले तर म्हणाला, “तू शेळी दिलीस ना? मग दावं अजून तुझ्या हातात कसं?” तरी मी पत्रात विचारलंच, का विकली म्हणून. प्रार्थनेचं वचन वर, आणि खाली हिशेब.

परवाच्या पत्रात त्याचं उत्तर आलं. या वेळी मजकूर आईने सांगितलेला होता, मुलाने लिहून घेतलेला. शाळा उघडल्या तेव्हा थोरली परत जायला तयार नव्हती, वर्गातल्या मुली फार लहान वाटायच्या तिला. तिला शिवणकाम शिकायचं होतं. पैसे त्यासाठी लागले. पुढे असं: “मुलाचं तुम्ही बघताय. मुलीसाठी माझ्याकडे शेळी होती.”

ते वाचल्यावर मी कपाटातून जुना फोटो काढला. बहिणीचा एक डोळा आणि एक खांदा दिसतो. तिचं नाव मी पाच वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

सोबत नवा फोटो आहे. मुलगा गणवेशात, शर्ट बहिणीने शिवलाय. उजवी बाही डावीपेक्षा बोटभर लांब. आठ्या आहेतच. आणि तळाशी त्याच्या स्वतःच्या अक्षरात, दुभाष्याची वाट न बघता मोडक्या इंग्रजीत, एक प्रश्न: तुमच्याकडे किती शेळ्या आहेत?

आज उत्तर लिहायला बसले आहे. बहिणीचं नाव आधी विचारते.