आमची वाटचाल: "किती चुकलं तर चालेल?"

मापाची हत्यारं आणि वजनकाटे दुरुस्त करायच्या आणि विकायच्या आमच्या धंद्याची सुरुवात लालबागच्या चाळीत, खिडकीखाली ठेवलेल्या आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर झाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा बाबा परळच्या एका गिरणीत टूलरूममध्ये होते. मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजायचं हत्यार), डायल, गेज यांची देखभाल त्यांच्याकडे असायची. संप लांबला आणि गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. पण हात रिकामे ठेवणं बाबांना जमत नसे. नागदेवी स्ट्रीटवरचे दोन दुकानदार त्यांना ओळखत होते. त्यांनी अडकलेले, शून्य सरकलेले मायक्रोमीटर दुरुस्तीला पाठवायला सुरुवात केली. १९८३ मध्ये बाबांनी एक लांबट रजिस्टर विकत आणलं आणि पहिल्या पानावर लिहिलं: "०–२५, झिरो एरर अधिक ०.०३, सुधारून शून्य." म्हणजे ० ते २५ मिलिमीटर मोजणारा मायक्रोमीटर, तोंडं मिटल्यावरही ०.०३ जास्त दाखवत होता, तो शून्यावर आणला. ते रजिस्टर अजून आमच्याकडे आहे.

शाळेतून आल्यावर मी त्या टेबलाशेजारी बसायची. बाबा मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं आधी कागदाने पुसायचे. तोंडांत कागद हलकेच धरायचा आणि ओढून काढायचा, की बारीक कण निघून येतात. मग रॅचेट, म्हणजे जोर ठरावीक ठेवणारी टोकाची मूठ, फिरवायचे. टिक, टिक, टिक. तीनदाच, चौथी टिक नाही. मग छोट्या पान्याने बाही (रेघा कोरलेली स्थिर नळी) किंचित फिरवून शून्याची रेघ रेघेला लावायचे. हे सगळं श्वास धरून चालायचं. माझ्या लेखी मोजमाप म्हणजे त्या तीन टिका, आणि आज दुकानात नवीन मुलगा आला की त्याला मी हेच आधी शिकवते.

१९९४ मध्ये आम्ही कुर्ल्याला एक गाळा घेतला. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून १९९९ मध्ये बाबांबरोबर उभी राहिले. तोपर्यंत दुरुस्तीबरोबर विक्रीही सुरू झाली होती, आणि झवेरी बाजारातल्या कारागिरांमुळे वजनांचं काम आलं. सोनारांची भाषा तोळ्याची. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण आता बाजारात कोणी तोळा म्हणालं की १० ग्रॅमच समजायचे. एका पेटीत दोन्ही पद्धतींची वजनं मिसळलेली मी स्वतः पाहिली आहेत. ती वेगळी करायला बाबांना सबंध दुपार लागली. व्यापारातल्या वजनकाट्यांची दुरुस्ती करायला वैध मापन खात्याचा परवाना लागतो, तो आम्ही तेव्हाच काढला.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण रोज तिच्याबद्दल विचारणा होते. मुद्रांकन (काटा तपासून खात्याने मारलेला शिक्का) आणि कॅलिब्रेशन (काट्याचा आकडा खात्रीच्या मापाशी ताडून त्याची चूक काढणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही वजनावर माल विकत असाल तर काट्यावर खात्याचं मुद्रांकन हवंच, तो कायदा आहे. घरात स्वतःच्या कामासाठी मोजत असाल तर मुद्रांकन लागत नाही. तिथे आकडा किती खरा आहे हे कळायला कॅलिब्रेशन हवं. गिरगावातली एक मुलगी चांदीचे मणी घरी बनवते. तिला वाटत होतं की सर्टिफिकेट आहे म्हणजे विकायलाही चालतं. चालत नाही.

त्याच मुलीमुळे आम्हाला घरगुती वर्कशॉपवाल्यांची गरज नीट समजली. २०२० च्या लॉकडाउननंतर अशी गिऱ्हाइकं एकदम वाढली. बाल्कनीत छोटं लेथ टाकणारे होते, साबण बनवणारे, घड्याळं दुरुस्त करणारे, रेझिनचं काम करणारेही. तिने २०० ग्रॅम क्षमतेचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घेतला होता. आमच्याकडचं २०० ग्रॅमचं वजन ठेवलं तर १९९.८८ दिसलं. "ताई, मला खराब पीस दिला हो," ती रडकुंडीला आली होती.

पीस खराब नव्हता. असा काटा वस्तुमान मोजत नाही, पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने ओढते ते मोजतो. ही ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्ताकडे जावं तशी ती कमी होते. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच मुंबईत आणला, तर २०० ग्रॅमला साधारण ०.१ ग्रॅम कमी दाखवेल. ०.०१ चा काटा असेल तर हे दहा घरांचं अंतर झालं; घर म्हणजे काटा दाखवतो तो सगळ्यात छोटा टप्पा. म्हणूनच त्या काट्यावर 'कॅल' लिहिलेलं बटण असतं, आणि म्हणूनच काट्याबरोबर एक खात्रीचं वजन लागतं. आम्ही तो काटा सपाट ठेवला, अर्धा तास चालू ठेवला, डोक्यावरचा पंखा बंद केला आणि वजन ठेवून जुळवला. २००.०० दिसल्यावर तिने वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. हे तिचं तिलाच सुचलं होतं. एका कोपऱ्यावर ०.०२ चा फरक आला. मग तिला सांगितलं, मणी नेहमी मधोमध ठेव.

आता वजन कुठलं घ्यायचं? वजनांचे आंतरराष्ट्रीय वर्ग ठरलेले आहेत. सगळ्यात काटेकोर ई१, मग ई२, एफ१, एफ२, एम१ असे खाली उतरत जातात. २०० ग्रॅमच्या वजनाला एम१ मध्ये १० मिलिग्रॅमपर्यंत चूक चालते, एफ२ मध्ये ३ मिलिग्रॅम, एफ१ मध्ये १ मिलिग्रॅम. बाबांचा हिशेब सोपा होता: वजनाची चूक काट्याच्या एका घराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नसावी. ०.०१ ग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम. त्याचा तिसरा हिस्सा सुमारे ३. म्हणजे या मुलीला एफ२ हवं. एम१ घेतलं असतं तर वजनाचीच चूक एका घराएवढी होऊ शकली असती. ०.१ ग्रॅमचा स्वयंपाकघरातला किंवा साबणाचा काटा असेल तर एम१ भरपूर झालं. ई२ ची चकचकीत पेटी बघून लोकांना मोह होतो, पण घामेजल्या बोटांनी ती उचलायची असेल तर त्या पैशाचा काही उपयोग नाही. आमच्या ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर १ ग्रॅमचं वजन आधी चिमट्याने ठेवून दाखवतो, मग मे महिन्यातल्या बोटांत चांगलं धरून पुन्हा ठेवतो. शेवटचा आकडा हललेला बघितला की कोणाला समजवावं लागत नाही.

पूर्ण संच घ्यायची घाईही करू नये. १, २, २, ५ या क्रमात सगळी वजनं जुळवता येतात हे खरं, पण घरी एक काटा असेल तर त्याच्या क्षमतेजवळचं एक आणि तुम्ही रोज जे वजन करता त्याच्या जवळचं एक, एवढ्यावर भागतं. मण्यांसाठी तिने २०० आणि १० ग्रॅम घेतलं. दुकानदार म्हणून मला संच विकण्यात जास्त मिळतं, तरी मी दोनच देते.

बाबा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे तो "किती चुकलं तर चालेल?" हा. डोंबिवलीचे एक निवृत्त काका घरी वाफेवर चालणारं छोटं इंजिन बनवतात. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवणारा डिजिटल मायक्रोमीटर घ्यायचं ठरवूनच ते आले होते. बाबा तेव्हा गाळ्यातच होते. त्यांनी विचारलं, "काका, पिस्टन आणि सिलिंडरमध्ये फट किती ठेवता?" काका म्हणाले, दोन-तीन शतांश मिलिमीटर. मग ०.०१ चा साधा ०–२५ मायक्रोमीटर त्यांना पुरेसा होता. चांगला असेल तर त्याची चूक चार मायक्रॉनच्या आत असते. बाबांनी दुरुस्त केलेला एक जुना काढून दिला.

डिजिटल व्हर्नियरबद्दलही (पट्टीवर सरकणाऱ्या जबड्यांचं मापाचं हत्यार) असाच गैरसमज असतो. १५० मिलिमीटरच्या चांगल्या व्हर्नियरवर ०.०१ चा आकडा झळकतो, पण बनवणारेच चूक ०.०२ पर्यंत धरतात. पडद्यावर आकडा दिसतो म्हणून तो खरा असतोच असं नाही. जबडे बंद करून ट्यूबलाइटसमोर धरा. मधून प्रकाशाची रेघ दिसली तर तो व्हर्नियर कितीही नवा असो, आमच्याकडे आणा. शिवाय व्हर्नियरमध्ये जॉब, म्हणजे मोजायची वस्तू, पट्टीपासून बाजूला, जबड्याच्या टोकाशी असतो. जोर लावला की जबडा तिरपा होतो. मायक्रोमीटरमध्ये जॉब आणि माप एका रेषेत येतात. जिथे शतांशावर फिट बसवायचंय, तिथे मायक्रोमीटरच वापरायचा.

मायक्रोमीटर तपासायच्या स्लिप गेजचे, म्हणजे नेमक्या जाडीच्या पोलादी ठोकळ्यांचे, आकडे बघितलेत कधी? २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ असे विचित्र. लोक विचारतात, सरळ ५, १०, १५ का नाही? मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेऱ्यात ०.५ मिलिमीटर सरकतो. ५, १०, १५ तपासलं तर दर वेळी थिंबल (फिरणारी आकड्यांची नळी) फिरून शून्यावरच थांबतं, म्हणजे फेऱ्यातली एकच जागा तपासली जाते. ५.१ आणि १०.३ वर ते वेगळ्या जागी थांबतं, आणि स्क्रू कुठे झिजलाय ते कळतं. हे बाबांनी मला समजावलं तेव्हा मी बारावीत होते. पोलादाचे हे ठोकळे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी इतका विचार करून बनवले, याचं मला तेव्हा वाटलेलं नवल अजून तसंच आहे.

आमच्या स्लिपचीही कहाणी आहे. बाबांनी जुन्या बाजारातून ८७ नगांचा संच घेतला होता. पैसे दोन वर्षं साठवले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुर्ल्यात आमच्या गाळ्यात छातीभर पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं. पेटीचं लाकूड फुगलं होतं, झाकण निघेना. आम्ही दोघांनी एकेक स्लिप व्हाइट पेट्रोलमध्ये धुतली, शॅमॉयने (मऊ चामड्याने) पुसली, शिवणयंत्राचं तेल लावलं. मग बाबा एकेक जोडी एकमेकींवर सरकवून बघू लागले. तोंड चांगलं असेल तर दोन स्लिप अशा चिकटतात की वरची उचलली तर खालची तिच्याबरोबर येते. गंज लागलेली घसरून पडते. ८७ मधल्या ३१ चिकटल्या. एका स्लिपवर मसुराच्या दाण्याएवढा डाग होता. बाबा ती बराच वेळ हातात धरून बसले होते. ती स्लिप आता काउंटरवर असते. पावसाळ्यात हत्यारांना सिलिका जेल का लागतं आणि तेल लावून का ठेवायचं, हे सांगताना ती हातात देते. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर गरम करून पुन्हा वापरा, हेही.

दुसरा धक्का २०१४ चा, आणि तो आमच्या हातून बसला. एका पुरवठादाराकडून वजनांच्या पेट्या घेतल्या, प्रत्येकीबरोबर सर्टिफिकेट. अकरा विकून झाल्यावर एका गिऱ्हाइकाने दाखवलं की कागदावरचा नंबर पेटीवरच्या नंबराशी जुळत नाही. उरलेल्या पेट्या काढून पाहिल्या, तर एकच कागद झेरॉक्स करून घातला होता. मी अकराही जणांना फोन केले. नऊ जणांनी पेट्या परत दिल्या, पैसे परत केले. दोघांचा पत्ता लागला नाही, याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून नियम असा: सर्टिफिकेटवर वजनाचा नंबर, प्रत्यक्ष सापडलेली चूक, त्या मापाची अनिश्चितता (ते किती इकडेतिकडे असू शकतं) आणि एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) शिक्का असलेल्या प्रयोगशाळेचं नाव, यातलं एकही नसेल तर वजन दुकानात येत नाही. 'पास' एवढंच लिहिलेला कागद आम्ही मानत नाही.

प्रयोगशाळेचं महत्त्व साखळीमुळे आहे. आमचं वजन त्यांच्या वजनाशी ताडलेलं, त्यांचं आणखी वरच्या वजनाशी, असं करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. तिथे भारताचा ५७ क्रमांकाचा प्लॅटिनम-इरिडियमचा किलो आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिली नाही, ती प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, बांधली गेली. बाबांनी पेपरात वाचून विचारलं, "मग आपली वजनं बदलली?" मी म्हटलं, नाही बाबा, जुन्याशी जुळेल अशीच नवी व्याख्या केलीय. तरी त्यांनी त्या दिवशी सगळ्या पेट्या उघडून पाहिल्या.

तापमान हा मुंबईत कायमचा प्रश्न. लांबीची मापं जगभर २० अंशांवर सांगतात, आणि आपल्याकडे गाळ्यात ३२ अंश सहज असतात. पोलादाचा जॉब आणि पोलादाचा मायक्रोमीटर दोन्ही ३२ वर असतील तर फारसं बिघडत नाही, दोघं सारखेच वाढतात. घोळ होतो तो लेथवरून गरम जॉब काढून लगेच मोजल्यावर. १०० मिलिमीटरचा जॉब मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असला तर तो २३ मायक्रॉन लांब भरतो. काकांना हेच सांगितलं होतं: जॉब आणि मायक्रोमीटर एकाच फरशीवर ठेवा, चहा करा, मग मोजा.

दर शनिवारी दुपारी चारनंतर आम्ही घरगुती काटे आणि मायक्रोमीटर फुकट तपासून देतो. काटा असेल तर त्याचा अडॅप्टर बरोबर आणा, मायक्रोमीटर असेल तर पुसून आणू नका, आहे तसा आणा. बाबा जमेल तेव्हा येतात. गेल्या शनिवारी काका तोच मायक्रोमीटर घेऊन आले होते. बाबांनी कागद ओढला, रॅचेट तीनदा फिरवलं आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं: "०–२५, शून्य बरोबर. २०.२ वर अधिक ०.००२."