सोनार: दहावा हार्मोनिक सापडला!

चोर घरातलाच निघाला. आपल्या पाण्याखालच्या यानाचं सोनार आवाजाची छोटी टिचकी (पिंग) सोडतं आणि तिच्या प्रतिध्वनीवरून तळ पडद्यावर काढतं. पण थ्रस्टर, म्हणजे यान ढकलणारी प्रोपेलरची मोटर, सुरू झाला की पडद्याचा खालचा अर्धा भाग पांढऱ्या धुक्यात आणि तळ गायब, हे रडगाणं मागच्या नोंदीत गाऊन झालंय. त्याचं मूळ मिळालं. प्रोपेलरचे बुडबुडे नाहीत, प्रीअँप (क्षीण प्रतिध्वनी वाढवणारं सर्किट) नाही, आणि पिंग सोडणारी-ऐकणारी चकती, बिचारा ट्रान्सड्यूसर, तर मुळीच नाही.

आधी पॉटिंगचं, म्हणजे ट्रान्सड्यूसर इपॉक्सीत ओतून बंद करण्याचं, पटकन सांगतो, कारण ते पहिल्यांदाच मनासारखं जमलंय. चकतीमागचं कॉर्क काढून इपॉक्सीत काचेचे पोकळ सूक्ष्मगोळे कालवलेला फोम भरला. कॉर्क टबात गुणी बाळ असतं, पण ३० मीटरवर एकूण दाब ४ बार होतो, त्यातली हवा दबते आणि चकतीचा सूर खोलीनुसार सरकत जातो. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर एक रेझिस्टर टाकल्यावर रिंगिंग (पिंगनंतर चकतीचं घुमत राहणं) ०.८ मिलिसेकंदात विझायला लागलं. म्हणजे जवळचं काही दिसत नाही तो आंधळा पट्टा ६० सेंटिमीटरच्या आत! केबल मात्र पॉलियुरेथेन आवरणाचीच घ्या. पीव्हीसीला पॉटिंग चिकटल्यासारखं दिसतं, चिकटत नाही, आणि एकदा फट पडली की पाणी केबलच्या तारेच्या जाळीतून आतपर्यंत चढत जातं. विक्रेते ज्याला वॉटरप्रूफ म्हणतात ते पावसापुरतं असतं.

आता धुकं. ट्रान्सड्यूसर सोडवून त्याच्या जागी तेवढ्याच धारकतेचा, २ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. कपॅसिटरला पाण्यातलं काही ऐकू येत नाही; तरी धुकं जसंच्या तसं. म्हणजे भानगड पाण्यातली नाही, तारांमधली. मग नेहमीचे सगळे उपाय झाले: जाळीचं अर्थिंग एकाच बिंदूवर, गोंगाट दाबायला तारांवर फेराइटची कडी, बॅटरीच्या तारा एकमेकींत पिळून घेणं. धुकं पातळ झालं, गेलं नाही.

दोन गोष्टी डोकं खात होत्या. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मोटर सगळ्यात जास्त करंट ओढत असताना, पडदा लख्ख. आणि कामाच्या बाकावर तर कुठल्याच वेगाला धुकं येत नव्हतं. बाकावर बॅटरी तीच, मोटर तीच, तारासुद्धा त्याच.

फरक होता तो थ्रॉटलमध्ये. मोटरच्या कंट्रोलरच्या चाचणी मेनूत तो दहा-दहा टक्क्यांनी सरकतो. पाण्यात हाताखाली पॉट (फिरवायची खुंटी) असतो, बोट थांबेल तिथे ड्युटी, म्हणजे मोटरला वीज चालू असण्याचा वाटा. म्हणून बाकावरही मेनू सोडून पॉट जोडला आणि अगदी सावकाश फिरवला. धुकं वर आलं, ओसरलं, पुन्हा वर आलं. ५, १५, २५ टक्क्यांना शिखर आणि १०, २०, ३० ला दरी, इतकं शिस्तीत की हसू आलं.

कंट्रोलर वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवतो; ते पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झ, आपली पिंग २००. अशा स्विचिंगमधून मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट असे हार्मोनिकही निघतात. दहावा हार्मोनिक बरोब्बर डोक्यावर येऊन बसलाय. ५० टक्के ड्युटीच्या चौकोनी लाटेत फक्त विषम हार्मोनिक असतात हे सगळेच घोकतो. ही त्याचीच पुढची पायरी. दहाव्याची उंची साइन (१० × पाय × ड्युटी) या हिशेबाने बदलते, त्यामुळे ड्युटी दहाच्या पटीत आली की तो जवळजवळ नाहीसा होतो. १०० टक्क्यांना तर स्विचिंगच थांबतं. फिल्टर इथे काय करणार? त्याला जो सूर आत घ्यायला सांगितलाय तोच सूर दारात उभा. त्यात टीव्हीजी, म्हणजे उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनींना जास्त वाढवण्याची सोय, खोलीबरोबर गेन चढवत नेतो, म्हणून हा सपाट गोंगाट पडद्याच्या वरच्या भागात दिसत नाही आणि खाली पांढरा होऊन पसरतो.

इलाज एका आकड्याचा. ७२ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर टायमरचा टॉप (किती मोजून पुन्हा शून्यावर यायचं तो आकडा) ३६०० वरून ३४२० केला. पीडब्ल्यूएम झालं २१.०५ किलोहर्ट्झ, नववा हार्मोनिक १८९.५ वर, दहावा २१०.५ वर, आणि आपण बरोबर मधल्या रिकाम्या जागेत. ०.२ मिलिसेकंदाच्या पिंगला ५ किलोहर्ट्झच्या आसपास बँडविड्थ पुरते, त्यामुळे दोन्हीकडे ऐसपैस जागा आहे. पृष्ठभागावर तरंगत, ६५ टक्के थ्रॉटलवर, १४ मीटरचा तळ एका स्वच्छ रेघेत आला. त्याखाली २८ वर दुसरी फिकट रेघ: तळ, पृष्ठभाग, पुन्हा तळ अशी फेरी मारून आलेला इको. ती रेघ मी बराच वेळ नुसती बघत बसलो.

ब्रशच्या ठिणग्यांचा बारीक कचरा अजून आहे. तो सोसेन.

पण हे लिहिताना पुढचा घोळ लक्षात आला. नाकाशी ४० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर बसवायचं ठरलंय, अल्ट्रासॉनिक क्लीनरमधला, बोल्टने आवळलेला, म्हणजे पॉल लांजेव्हँने १९१७ मध्ये पोलादी पत्र्यांमध्ये क्वार्ट्झ दाबून बनवला त्याच कुळातला. नव्या पीडब्ल्यूएमचा दुसरा हार्मोनिक ४२.१ वर पडतो. अंतर फक्त २ किलोहर्ट्झ, आणि दुसरा हार्मोनिक दहाव्यापेक्षा कितीतरी दांडगा. आकडे सरकवत बसलो तर एकाला वाचवताना दुसरा मरणार.

म्हणून बेत बदलतोय. पिंग काढणाऱ्या पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचाच एक पिन कंट्रोलरला देईन, 'थांब' म्हणायला. ३० मीटरपर्यंत ऐकायला ४० मिलिसेकंद लागतात, सेकंदाला दोन पिंग धरल्या तर मोटर आठ टक्के वेळ मोकळी फिरेल. प्रोपेलरला ते कळणारही नाही. अट एकच: सोनार बिघडल्याने थ्रस्टर अडकता कामा नये. 'थांब' ६० मिलिसेकंदांहून लांबला तर कंट्रोलरने तो धुडकावून लावायचा, आणि हा नियम कंट्रोलरच्याच कोडमध्ये हवा, पिकोच्या नाही.

उभ्या थ्रस्टरचा कंट्रोलर वेगळा आहे आणि त्याचं फर्मवेअर (आतला कोड) बंद, बदलता येत नाही. त्याला बाहेरून 'थांब' कसा सांगायचा? एनेबल पिन ओढली की तो दर वेळी सॉफ्ट स्टार्टपासून, म्हणजे हळूहळू वेग चढवत, सुरुवात करतो. कुणी त्याला बगल दिली असेल तर सर्किट टाका.